उपग्रहावरून डिजिटल आवाज: नवख्या हॅमसाठी (हौशी रेडिओचालकासाठी) पहिल्या संपर्कापर्यंतची वाट

डीएमआर किंवा डी-स्टार या डिजिटल आवाज-पद्धतींचा हँडसेट हातात आला की पुढचा प्रश्न ठरलेला: यावरून उपग्रहामार्फत बोलता येईल का? शोधाशोध सुरू केली की एकमेकांना छेद देणारी उत्तरं मिळतात. कोणी म्हणतं अशक्य, कोणी म्हणतं आम्ही केलंय. दोघंही खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या उपग्रहांबद्दल.

सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. आपण रेडिओपासून विचार करतो, आणि इथे निर्णय उपग्रहाच्या पोटात काय आहे त्यावर होतो. तेवढं एकदा लक्षात आलं की निम्म्या शंका आपोआप गळून पडतात. खाली मी एकच वाट शेवटपर्यंत दाखवली आहे: एसएसबी (अरुंद पट्ट्यात आवाज पाठवण्याची पद्धत) चालणाऱ्या उपग्रहावरून फ्रीडीव्ही, म्हणजे संगणकावर चालणारा डिजिटल आवाज. बाकीच्या वाटा कुठे अडतात तेही सांगितलं आहे, म्हणजे भलत्या सामानावर पैसे जाणार नाहीत.

१. आधी ट्रान्सपॉन्डर ओळखा

ट्रान्सपॉन्डर म्हणजे वर आलेला सिग्नल घेऊन पुन्हा खाली पाठवणारं उपग्रहावरचं यंत्र. त्यानुसार हौशी उपग्रहांचे आपल्या कामापुरते तीन प्रकार.

एफएम रिपीटर: एसओ-५० (वर पाठवायला १४५.८५०, खाली ऐकायला ४३६.७९५ मेगाहर्ट्झ) किंवा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा रिपीटर (वर १४५.९९०, खाली ४३७.८००). नवीन माणूस इथूनच सुरुवात करतो, आणि ते योग्यच आहे. पण डिजिटल आवाजासाठी ही जागा नाही. पहिलं कारण अगदी साधं. दोन्ही रिपीटर ६७ हर्ट्झचा सीटीसीएसएस टोन (आवाजाखाली चालणारा ओळखीचा सूर) ऐकल्याशिवाय उघडत नाहीत, आणि तुमचा हँडसेट डिजिटल मोडमध्ये गेला की तो टोन पाठवतच नाही. दुसरं कारण जरा खोलातलं. असा रिपीटर सहसा तुमचा सिग्नल उलगडून आवाज काढतो आणि तो आवाज पुन्हा एफएमवर चढवतो. या साखळीतले फिल्टर माणसाच्या बोलण्याला पुरतील एवढेच असतात. डीएमआर किंवा डी-स्टारच्या बिटांना मात्र जवळजवळ शून्य हर्ट्झपासून सपाट प्रतिसाद लागतो. खालचा भाग कापला गेला की उरते ती खरखर.

याला अपवाद आहे. एओ-२७ या एफएम उपग्रहावरून २००७ मध्ये डी-स्टारचे संपर्क झाले होते, कारण त्याची रचना सिग्नल फारसा न चाळता पुढे पाठवणारी होती. पण अपवादावर भरवसा ठेवून गर्दीच्या एफएम उपग्रहावर डिजिटल सोडू नका. एकच चॅनल असतो, आणि तुमच्या प्रयोगाच्या दोन मिनिटांत बाकी सगळ्यांचा पास (उपग्रह क्षितिजावर असण्याचा वेळ) वाया जातो.

लिनियर ट्रान्सपॉन्डर: आरएस-४४, एफओ-२९, क्यूओ-१००. हे काहीही उलगडत नाहीत. वर आलेला पट्टाच्या पट्टा उचलून दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर खाली सोडतात. त्यात एसएसबी आहे, मोर्स आहे की मोडेम, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. आपलं काम इथे होणार आहे.

डिजिटल काम उपग्रहातच करणारे: आवाज उपग्रहानेच हाताळावा असे प्रयत्न झाले आहेत. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाचा औफ्ती-१ हा डी-स्टार रिपीटर घेऊन २५ एप्रिल २०१६ रोजी गेला आणि दोन आठवड्यांच्या आत गप्प झाला. डी-स्टार वन नावाचा उपग्रह २८ नोव्हेंबर २०१७ च्या अपयशी उड्डाणात कक्षेत पोहोचलाच नाही. मला सगळ्यात आवडलेली कल्पना लिलॅकसॅट-१ ची. मे २०१७ मध्ये अंतराळ स्थानकावरून सोडलेल्या या छोट्या उपग्रहावर तुम्ही साध्या एफएमवर बोलायचं. तो स्वतः तुमचा आवाज कोडेक२ (आवाज आटवून डेटा करणारी पद्धत) मध्ये बदलून डेटा म्हणून खाली पाठवायचा. डिजिटल रेडिओची गरज नाही, फक्त ऐकायला संगणक हवा. तो उपग्रह आता नाही. नवीन काही उडालं तर ही तिसरी वाट पुन्हा उघडेल. तेव्हाही आधी त्या उपग्रहाचं माहितीपत्रक वाचा, सेट नंतर घ्या.

२. मोड निवडा

डीएमआर, सी४एफएम आणि एम१७ हे तिन्ही डिजिटल मोड चार पातळ्यांच्या एफएसकेवर (फ्रीक्वेन्सी बदलून बिट पाठवण्याच्या पद्धतीवर) चालतात आणि ९६०० बिट प्रति सेकंद पाठवतात. डीएमआर आणि सी४एफएम साडेबारा किलोहर्ट्झच्या चॅनलसाठी बनले आहेत, एम१७ ला नऊएक किलोहर्ट्झ लागतात, डी-स्टारला सहा. आरएस-४४ चा अख्खा पट्टा ६० किलोहर्ट्झचा आहे. तिथे एक डीएमआर सिग्नल म्हणजे चार-पाच एसएसबी संपर्कांची जागा खाल्ली. शिवाय हे मोड बोलत असताना सतत पूर्ण ताकद ओढतात, आणि ट्रान्सपॉन्डरची ताकद सगळ्यांत वाटलेली असते. क्यूओ-१०० च्या अरुंद पट्ट्यावर तर २.७ किलोहर्ट्झपेक्षा रुंद काहीच चालत नाही, म्हणजे प्रश्नच मिटला.

अजून एक खोच, जी फारसं कोणी सांगत नाही. आरएस-४४ आणि एफओ-२९ चे ट्रान्सपॉन्डर उलटे आहेत: वर जे वरच्या बाजूला, ते खाली खालच्या बाजूला. एसएसबीत वर एलएसबी (खालची बाजूपट्टी) आणि खाली यूएसबी (वरची बाजूपट्टी) लावलं की काम झालं. पण एफएसकेमध्ये सगळी चिन्हंच उलटी होतात, अधिकाची उणे. हँडसेटला हे कळत नाही. तो शांत बसून राहतो आणि तुम्ही अँटेनाला दोष देत बसता.

डीएमआरची आणखी एक अडचण वेळेची आहे. त्यात ३० मिलिसेकंदांचे दोन स्लॉट आलटून पालटून चालतात आणि प्रत्येक स्लॉटमध्ये खरं प्रसारण २७.५ मिलिसेकंदांचं असतं. अंतराळ स्थानक डोक्यावर असताना ते सव्वाचारशे किलोमीटरवर असतं, क्षितिजावर असताना दोन हजारांच्या पुढे. एका पासमध्ये सिग्नलच्या एकतर्फी प्रवासाचा वेळच पाच-सहा मिलिसेकंदांनी बदलतो. स्लॉटमधल्या अडीच मिलिसेकंदांच्या फटीत हे मावणार कसं? एका स्लॉटवर थेट बोललात तर गोष्ट वेगळी, पण मग डीएमआरचा मुख्य फायदाच गेला.

राहतं फ्रीडीव्ही. कोडेक२ हा खुला आवाज-कोडेक डेव्हिड रो यांनी लिहिला आणि फ्रीडीव्ही त्याभोवती उभं राहिलं. एसएसबीच्या खिडकीत सहज बसतं, फुकट आहे, आणि त्यासाठी वेगळा रेडिओ लागत नाही. त्यातले मोड असे:

फ्रीडीव्ही १६००: रुंदी सव्वा किलोहर्ट्झच्या आत. सुमारे ४ डेसिबल सिग्नल-गोंगाट प्रमाण लागतं. लवकर जुळतो, सुरुवातीला हाच घ्या.

७००डी: उणे २ डेसिबलपर्यंत तग धरतो, पण आवाज डब्यातून आल्यासारखा येतो आणि फ्रेम १६० मिलिसेकंदांची असल्याने उशीर जाणवतो.

७००ई: ७००डी पेक्षा थोडा जास्त सिग्नल मागतो, पण झपाट्याने बदलणारा मार्ग जास्त चांगला झेलतो.

रेड: न्यूरल नेटवर्कवर आधारलेला नवा मोड, रुंदी दीड किलोहर्ट्झ. आवाज ऐकून हा एवढ्याशा जागेतून आलाय यावर विश्वास बसत नाही. संगणक मात्र बऱ्यापैकी दमदार हवा.

लघुतरंगांवर काम करणारे ७००डी ची शिफारस करतात, कारण तिथे सिग्नल कमजोर असतो. क्यूओ-१०० वर परिस्थिती वेगळी आहे. सिग्नल घड्याळासारखा स्थिर, चढउतार नाहीच, आणि प्रमाण भरपूर. तिथे ७००डी वापरणं म्हणजे उगाच आवाज मारणं. १६०० किंवा रेड लावा.

३. परवाना आणि कागद

जवळ असू द्या:

• मुदतीत असलेला परवाना आणि कॉल साइन
• परवान्यात उपग्रह सेवा, हवे ते पट्टे (१४५.८ ते १४६ आणि ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झ. क्यूओ-१०० साठी २.४ गिगाहर्ट्झ) आणि डिजिटल आवाज यांना परवानगी आहे का, याची खात्री
• वापरायच्या उपग्रहाचा बँड प्लॅन, छापून किंवा पडद्यावर
• तुमच्या जागेचा ग्रिड लोकेटर (नकाशावरच्या चौकोनाचा कोड)

डीएमआर आयडी किंवा डी-स्टारची गेटवे नोंदणी या कामाला लागत नाही.

एक सूचना गांभीर्याने घ्या. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमांतलं कलम २५ हौशी स्थानकांना अर्थ लपवणारं सांकेतिक प्रसारण करू देत नाही. उपग्रहाला दिलेल्या नियंत्रण आज्ञांना तेवढी सूट आहे. डिजिटल मोड चालतो, कारण त्याची रचना सर्वांसाठी उघडी आहे. पण व्यावसायिक कामासाठी बनलेल्या डीएमआर सेटमध्ये एन्क्रिप्शनची सोय असते. प्रयोग करणार असाल तर ती बंद आहे हे आधी तपासा.

४. सामान

दोन वाटा आहेत. कोणती घ्यायची ते तुम्ही कुठे बसला आहात त्यावर.

पहिली वाट, क्यूओ-१००. नोव्हेंबर २०१८ मध्ये गेलेल्या एस-हेल-२ या भूस्थिर उपग्रहावरचा हा ट्रान्सपॉन्डर साधारण २६ अंश पूर्व रेखांशावर टांगलेला आहे. तो ब्राझीलच्या पूर्व भागापासून आफ्रिका, युरोप, भारत, थायलंडपर्यंत दिसतो. दिसत असेल तर दुसरा विचार करू नका. अँटेना फिरवायची नाही, डॉप्लर (उपग्रहाच्या वेगामुळे फ्रीक्वेन्सी सरकणं) नाही, पास संपायची घाई नाही.

• ८० ते ९० सेंटिमीटरची डिश (नुसतं ऐकायला ६० सुद्धा चालते)
• ९७५० मेगाहर्ट्झ लोकल ऑसिलेटरचा पीएलएल एलएनबी (डिशवर बसणारं सिग्नल घेणारं यंत्र)
• २.४ गिगाहर्ट्झचा फीड आणि काही वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर
• वर पाठवण्यासाठी अपकन्व्हर्टर, किंवा प्लूटोसारखा एसडीआर (संगणकाच्या सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ)
• आरटीएल-एसडीआर डोंगल

हिशेब सोपा. खालचा पट्टा १०४८९.५ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो; त्यातून ९७५० वजा केले की ७३९.५ उरतात आणि ते डोंगलच्या आवाक्यात आहेत. वर आणि खाली यांतला फरक ८०८९.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे २४००.१०० वर बोललात तर १०४८९.६०० वर ऐकू याल. दोन्हीकडे यूएसबी.

इथे दोन सापळे आहेत. अरुंद पट्टा उभ्या ध्रुवणात खाली येतो, त्यामुळे एलएनबीला १३ व्होल्टच्या आसपास द्या. १८ दिलेत तर आडवं ध्रुवण लागेल आणि पडदा कोरा राहील. दुसरं, वरचा सिग्नल उजव्या वर्तुळाकार ध्रुवणाचा हवा, पण डिशवरून परावर्तन झाल्यावर दिशा उलटते. म्हणून फीड डावा असावा लागतो. घरी हेलिक्स गुंडाळणारे इथे हमखास चुकतात.

दुसरी वाट, आरएस-४४ सारखे फिरते उपग्रह. त्यासाठी एकाच वेळी बोलणं आणि ऐकणं जमणारा सर्व-मोड रेडिओ हवा, किंवा दोन वेगळे रेडिओ. दोन्ही पट्ट्यांसाठी यागी अँटेना आणि फ्रीक्वेन्सी सांभाळणारा संगणक लागेल. आरएस-४४ वर जाताना १४५.९३५ ते १४५.९९५, खाली येताना ४३५.६१० ते ४३५.६७०, बीकन (उपग्रहाचा सतत चालणारा खुणेचा सिग्नल) ४३५.६०५ वर.

दोन्ही वाटांना सामायिक: फ्रीडीव्ही सॉफ्टवेअर, हेडसेट, आणि संगणकाला दोन साउंड डिव्हाइस. एक रेडिओकडे, दुसरं तुमच्या कानाकडे. एसडीआर असेल तर रेडिओकडच्या डिव्हाइसच्या जागी आभासी ऑडिओ केबल चालते.

५. आधी नुसतं ऐका

पाठवण्याचं सामान यायच्या आधी ऐकण्याची बाजू पक्की करा. क्यूओ-१०० चा पट्टा ऐकायला इंग्लंडमधल्या गूनहिली इथला वेबएसडीआर आहे, डिश नसतानाही बसल्या जागी सराव होतो.

स्वतःची डिश लावल्यावर पट्ट्याच्या मधोमध, १०४८९.७५० वर पीएसके बीकन शोधा. सापडला की तासभर त्याच्याकडे बघत राहा. एलएनबी तापला-निवला की बीकन पडद्यावर सरकताना दिसेल. ढगाआडून ऊन आलं तरी फरक पडतो. एसएसबी ऐकताना हे चालून जातं. फ्रीडीव्हीचा मोडेम मात्र काही दहा हर्ट्झ एवढीच चूक सहन करतो. उपाय दोन: एलएनबीला बाहेरून स्थिर संदर्भ फ्रीक्वेन्सी द्या, किंवा बीकनला धरून चालणारं सॉफ्टवेअर वापरा. एसडीआर कन्सोलमध्ये ही सोय आहे, आणि माझ्या मते नवख्याने हीच घ्यावी. एलएनबी उघडून डाग द्यायचं काम नंतर कधीही करता येतं.

फिरत्या उपग्रहासाठी आधी हौशी उपग्रह-संघटना अ‍ॅमसॅटच्या स्थिती-पानावर तो चालू आहे का बघा, मग ताजे कक्षा-घटक उतरवून घ्या. जुन्या घटकांवर डॉप्लरचा हिशेब सरकतो आणि दोष मोडेमवर जातो.

६. फ्रीडीव्हीची जोडणी

यात सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून सावकाश करा.

रेडिओतलं स्पीच कॉम्प्रेशन, इक्वलायझर, नॉइज रिडक्शन, नॉइज ब्लँकर सगळं बंद करा. या सोयी माणसाच्या आवाजासाठी आहेत. मोडेमच्या सुरांची त्या वाट लावतात. फिल्टर पूर्ण एसएसबीच्या रुंदीचा ठेवा.

पाठवण्याची पातळी अशी लावा: फ्रीडीव्हीतून प्रसारण सुरू करा, आवाज हळूहळू वाढवा आणि एएलसीची (जास्त पातळी आपोआप दाबणाऱ्या यंत्रणेची) सुई हलायला लागली की थोडं मागे या. सुई हलता कामा नये. मीटरवर सरासरी ताकद कमी दिसेल, तिला वाढवायच्या फंदात पडू नका. या सिग्नलचे शिखर सरासरीच्या खूप वर असतात. शिखर चेपलं की शेजाऱ्याच्या चॅनलवर शिंतोडे उडतात आणि तुमचा स्वतःचा आवाजही तुटतो.

पर्यायांमध्ये हाफ डुप्लेक्सची खूण काढून टाका. म्हणजे बोलत असतानाच उपग्रहावरून परत येणारा स्वतःचा डिजिटल आवाज ऐकू येईल. क्यूओ-१०० वर वरखाली जाण्यातच पाव सेकंद लागतो, त्यावर मोडेमचा उशीर. स्वतःचा आवाज असा मागून येऊ लागला की जीभ अडखळते. हेडसेटचा आवाज अगदी बारीक करा आणि कानापेक्षा पडद्यावर भिस्त ठेवा: सिंकचा (मोडेम जुळल्याचा) दिवा हिरवा आणि एसएनआरचा (सिग्नल-गोंगाट प्रमाणाचा) आकडा स्थिर, बस. स्पीकर लावलात तर तोच आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरेल.

७. डॉप्लर

क्यूओ-१०० वाल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

४३७ मेगाहर्ट्झवर अंतराळ स्थानकाच्या उंचीवरचा उपग्रह क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जाताना फ्रीक्वेन्सी सुमारे १० किलोहर्ट्झ वरून १० किलोहर्ट्झ खाली नेतो, आणि डोक्यावरून जाताना सेकंदाला पावणेदोनशे हर्ट्झच्या वेगाने सरकवतो. आरएस-४४ बराच उंच आहे आणि त्याच्या उलट्या ट्रान्सपॉन्डरमुळे वर-खालच्या डॉप्लरचा काही भाग एकमेकांत मिटतो. उरलेला वेग सेकंदाला तीसेक हर्ट्झ. फ्रीडीव्हीसाठी मी आरएस-४४ सुचवतो ते यामुळेच.

हाताने डायल फिरवून हे सांभाळायचा नाद सोडा. जीप्रेडिक्ट किंवा सॅटपीसी३२ या सॉफ्टवेअरला दोन्ही फ्रीक्वेन्सी सांभाळू द्या, म्हणजे उपग्रहापाशी तुमची जागा हलत नाही. दुरुस्तीची फेरी शक्य तितकी जलद ठेवा. एकदम शंभर हर्ट्झची उडी बसली की सिंक जातो, दहा-दहाच्या पायऱ्या मोडेम मुकाट झेलतो. काही रेडिओ प्रसारण चालू असताना संगणकाकडून आलेली नवी फ्रीक्वेन्सी घेतच नाहीत. हे डमी लोडवर आधी तपासून घ्या. आणि भर डोक्यावरून जाणारा पास पहिल्या दिवशी टाळा. ३० ते ४० अंशांपर्यंत चढणारा पास बरा.

८. पहिला कॉल

बँड प्लॅनमध्ये डिजिटलला दिलेली मोकळी जागा निवडा आणि थोडा वेळ ऐका. मग आधी साध्या एसएसबीत बोला: कॉल साइन, "फ्रीडीव्ही १६०० वर येतोय". ऐकणाऱ्याला डिजिटल सिग्नल म्हणजे नुसता सूं-सूं आवाज. मोड कोणता हे त्याला कळणार कसं? समोरचा तयार झाला की दोघांनी एकदमच मोड बदलायचा. फिरत्या उपग्रहावर तर आधीच निरोप पाठवून वेळ ठरवा, पासची मिनिटं मोड शोधण्यात घालवण्याइतकी स्वस्त नसतात.

बटण दाबल्यावर लगेच बोलू नका. सिंक जुळायला एक क्षण द्या, नाहीतर कॉल साइनची पहिली अक्षरंच गळतात.

ताकद कमीत कमी ठेवा. क्यूओ-१०० वर तुमचा सिग्नल बीकनपेक्षा मोठा दिसता कामा नये. दिसला तर लैला नावाची देखरेख यंत्रणा तुमच्याच फ्रीक्वेन्सीवर भोंगा वाजवते, आणि तो सगळा पट्टा ऐकतो. डिजिटलला जादा ताकद लागतही नाही. सिंक टिकतोय तोवर आणखी वॅट घालून आवाजात काडीचा फरक पडत नाही, आणि सिंक टिकत नसेल तर दोष बहुधा फ्रीक्वेन्सीत किंवा पातळीत असतो.

आवाज तुटतोय, पण एसएनआर चांगला दिसतोय? मग क्रमाने बघा: एएलसी, फ्रीक्वेन्सी सरकतेय का, दोघांचा मोड एकच आहे का, आणि उलट्या ट्रान्सपॉन्डरवर एलएसबी लावायचं राहून गेलं का. शेवटचं कारण सगळ्यात हास्यास्पद आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारं.

९. लॉग

एडीआयएफमध्ये (लॉगच्या ठरलेल्या फाइल-स्वरूपात) मोड म्हणून डिजिटल व्हॉइस आणि उपमोड म्हणून फ्रीडीव्ही निवडा. प्रसार-प्रकार उपग्रह असा भरा आणि उपग्रहाचं नाव एलओटीडब्ल्यूच्या (संपर्क पडताळणाऱ्या ऑनलाइन सेवेच्या) यादीत जसं आहे अगदी तसंच लिहा, जोडरेघेसकट. हे दोन रकाने रिकामे राहिले तर संपर्क जमिनीवरचा म्हणून नोंदला जातो, आणि समोरच्याच्या उपग्रह-नोंदीशी जुळत नाही. वर आणि खाली असे दोन्ही पट्टे भरायलाही विसरू नका; बरीच लॉग सॉफ्टवेअरं दुसरा पट्टा आपणहून विचारत नाहीत.